आतली पुडी

पार्सल फोडलं ते गोंदवाल्याने. हा आमच्या वनस्पतिसंग्रहालयातला शिपाई. वाळलेल्या पानांच्या पाकिटांवर पस्तीस वर्षं लेबलं चिकटवून याच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्यात. हजेरीचं नवं यंत्र त्याला ओळखत नाही आणि तो रोज सकाळी त्या यंत्राला मनसोक्त शिव्या घालतो. "बाई, आपली मंडळी आली परत," म्हणत त्याने चौदा पाकिटं माझ्या टेबलावर मांडली. सहा महिन्यांपूर्वी ही पाकिटं मी दूरच्या एका संग्रहालयाला अभ्यासासाठी दिली होती. आमच्यात ही रीतच आहे. कुणी मागितलं की द्यायचं, कितीही जिवाचं असलं तरी. ज्याने तपासलं त्याने आपलं मत एका चिठ्ठीवर लिहून पाकिटावर चिकटवायचं, खाली सही आणि तारीख. आधीचं लेबल चुकलेलं असलं तरी त्याला हात लावायचा नाही. फाडायचं नाही, खोडायचं नाही. चूकसुद्धा जपून ठेवायची असते. मी चहाचा कप हातात घेऊन एकेक चिठ्ठी वाचत होते. बहुतेकांवर 'बरोबर' एवढंच. नवव्या पाकिटावरची चिठ्ठी जरा लांबलचक होती, अक्षर बारीक आणि सभ्य. 'यजमान वनस्पती चुकली आहे. ही दुर्मीळ वेल नसून कुंपणांवर सर्रास वाढणारी वेल आहे. वाऱ्यामुळे पाने खुरटलेली. त्यामुळे तांबेराही नवा नव्हे, सर्वत्र आढळणाराच. तसेच, बाहेरच्या लेबलावर तारीख १४ आहे, आतल्या पुडीवर १५. कोणती ग्राह्य धरावी, कृपया कळवावे.' चहावर साय धरेपर्यंत मी त्या 'कृपया'कडे बघत बसले. सव्वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पोलिसांनीसुद्धा नाही.

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी सांगते, पानांची दुखणी जमवते. लोक हसतात, मग विचारतात, त्याचं पुढे काय करता? काही नाही करत. ठेवते. तांबेरा, भुरी, करपा, काणी; बोट लावलं तर पुसून जाईल एवढीशी बुरशी, ती कोणत्या झाडाच्या, म्हणजे तिच्या यजमानाच्या, पानावर, कुठे, कोणत्या दिवशी सापडली आणि कुणी वेचली हे लिहून ठेवते. आसपासच्या सगळ्या डोंगर-दऱ्यांतली, शेतांतली, गटारांच्या काठची अकरा हजार पाकिटं माझ्या कपाटांत आहेत. त्यांतली निम्मी माझ्या पायांनी आणलेली आणि त्या निम्म्यांतली कितीतरी दादाच्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. माझ्या खात्याकडे मदतनीस द्यायची ऐपत नव्हती आणि एकट्या मुलीने डोंगर हिंडायचे नाहीत असं आईचं म्हणणं होतं, म्हणून हा रजा टाकून माझ्यामागून यायचा. मला 'ठिपकी' म्हणायचा. पानावर ठिपका दिसला की मी बोलता बोलता थांबते म्हणून. "ए ठिपके, झालं का गं तुझं?" हे वाक्य तर मी अजून ऐकते. सातव्या कपाटाच्या गल्लीत, जिथे उजेड कमी पोचतो आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात झोंबतो, तिथे पाठमोरी उभी असले की हमखास. मी वळून बघत नाही. पहिली दोन-तीन वर्षं बघायची, आता नुसतं "झालंच" म्हणते. गोंदवाल्याला वाटतं बाई स्वतःशी बोलतात, वय झालं.

पुडी घालायला दादाला मीच शिकवलं. चौकोनी कागद, तीन घड्या, दोन्ही कडा मागे मुडपायच्या, म्हणजे आतली भुकटी सांडत नाही. "आणि वर तारीख, वेळ, जागा. लगेच, जागच्या जागी. तारीख नसलेलं पान म्हणजे केर." "होय सर," तो म्हणायचा आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकायचा. पण लिहायचा मात्र न चुकता. नकाशे काढणाऱ्याचं अक्षर ते, एकेक अंक टाकीने घडवल्यासारखा. आतल्या पुडीवरचा तो '१५' लांबून पाहिला तरी कुणी '१४' म्हणणार नाही. आणि ती पुडी फेकून द्यायला मला सव्वीस वर्षं मोकळी होती. बाहेरच्या लेबलावर मी खोटी तारीख लिहिली, अगदी थंड डोक्याने, पेन झटकून. पण वेचणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद टाकून देणं, ते काही मला जमेना. आमच्या धंद्यात ते पाप. माणूस कसा गेला ते खोटं सांगायला जड गेलं नाही आणि चिठोरं फाडायला गेलं! कुणाला सांगितलं तर म्हणतील, वेडीच आहेस की गं.

ते असं झालं. डोंगरमाथ्यावरच्या विश्रामगृहात आम्ही दोघंच उतरलो होतो. चौदा तारखेला संध्याकाळी कड्याच्या तोंडाशी एका वेलीवर मला तीन पानं मिळाली, नारिंगी भुकटी माखलेली. पानं बारकी, जाड, चामड्यासारखी. वेलीला फूल नव्हतं. फुलाशिवाय वेल ओळखायची नाही, हे आमच्या सरांचं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य; ते मी शंभर विद्यार्थ्यांना ऐकवलंय. पण त्या दिवशी मला वाटलं, ही तीच. पुस्तकात एकदाच नोंद झालेली, नंतर कुणाला न दिसलेली. आणि तिच्यावर तांबेरा म्हणजे तो नवाच असणार. त्या आनंदात परतताना पाय मुरगळला, घोटा हा एवढा सुजला. रात्रभर एकच विचार: तांबेरा नवा ठरवायला नुसत्या नारिंगी भुकटीवर काम भागणार नाही, काळे ठिपके हवेत, ते जून पानांवर येतात आणि जून पानं तर खाली, कड्याच्या अंगाला. सकाळी दादा पायरीवर चहा घेऊन बसला होता. मी म्हटलं, "दादा, जा ना रे. चारच पानं. खालची, जून झालेली." "चहा तरी पिऊ देशील का, ठिपके?" "आल्यावर पी. उशीर केलास तर वारा सुटेल, भुकटी उडून जाईल." त्याने कपावर बशी उपडी घातली आणि गेला. मला वेळेची घाई नव्हती. खरं सांगायचं तर वारा काही दहा मिनिटांत सुटणार नव्हता. मला नुसता दम धरवत नव्हता. दुपारी तो सापडला तेव्हाही ती बशी तशीच उपडी होती. मी उचलली. खाली अर्धा कप.

इस्पितळात नर्सने कपड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. शर्टाचा खिसा शाबूत होता आणि खिशात पुडी. एक घडी विस्कटली नव्हती, कडा बरोबर मागे मुडपलेल्या. म्हणजे पानं काढून, पुडी घालून, वर लिहून, मग तो वर यायला निघाला होता. 'तारीख १५. सकाळी ९.२०. कड्याखाली बारा फूट. जून पाने. काळे ठिपके आहेत गं बाई, आहेत.' आणि मागे, त्याच कागदाच्या पाठीवर, आधी कधीतरी पेन्सिलीने टिपलेलं: 'परत जाताना: तिच्या चष्म्याची काडी. गॅसची नळी. तिच्याशी नीट बोलायचं.' मी ते तिथेच बाकावर बसून वाचलं. मग पर्समध्ये ठेवलं. पोलिसांनी विचारलं, ते तिकडे कशाला गेले होते? मी म्हटलं, माहीत नाही, मी खोलीत होते, पाय सुजलाय माझा. त्याला फिरायची आवड होती. इतकं सोपं होतं ते. त्यांनी लिहून घेतलं आणि मला पाणी दिलं. पुढे लेबलावर मी आदल्या संध्याकाळची १४ घातली, म्हणजे त्या सकाळी कुणी पानं काढलीच नव्हती.

वहिनी दुसऱ्या दिवशी भिंतीवर डोकं आपटत होती. "मी बोलले हो त्यांना. मी बोलले." निघायच्या सकाळी दोघांचं वाजलं होतं. तिच्यासाठी ठेवलेली रजाही माझ्या पानांपायी बुडाली होती, आणि ही काही पहिली नव्हती. दादा दारात म्हणाला, "येतो." ही म्हणाली, "जा. बहिणीची पानं वेचा. परत आला नाहीत तरी चालेल." रागाच्या भरात कोण काय बोलत नाही? पण तिच्या लेखी ते वाक्य घेऊन तो डोंगरावर गेला आणि ते वाक्य घेऊनच कड्यावर उभा राहिला. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. पर्स माझ्या खांद्यालाच होती. तेव्हापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो. लोकांना कौतुक, नणंद-भावजय असून सख्ख्या बहिणींसारख्या. वहिनी लाँड्रीवाल्याचं रफूचं काम घरी करते. फाटलेलं असं भरते की उजेडात धरलं तरी सापडत नाही. गेली सव्वीस वर्षं ती कुणावर चिडलेली नाही. दूधवाल्यावर नाही, वरच्या मजल्यावरच्या धिंगाण्यावर नाही, माझ्यावर तर नाहीच. आणि कुणी घराबाहेर निघालं, मी असो की गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस, की ती हातातली सुई ठेवून, चप्पल न घालता जिन्यापर्यंत येते आणि म्हणते, "परत या हं." रोज. मला उशीर झालेला असतो, बस चुकायची असते, आणि ही कठड्याला धरून उभी. "वन्सं, परत या हं." पहिल्या वर्षी ते ऐकलं की मी मागे न बघता दोन-दोन पायऱ्या उतरायची. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हीच तर त्याची खोड आहे.

आणि मी काय केलं? त्या तांबेऱ्याला दादाचं नाव दिलं. रीतसर, लॅटिन वर्णनासकट छापून आणलं. वहिनीने तो अंक कपाटात साड्यांच्या घड्यांखाली ठेवलाय. "ह्यांचं नाव जगभर झालं," ती पाहुण्यांना सांगते. आता ते नाव बुडणार. नियमच आहे, तोच तांबेरा आधी दुसऱ्या नावाने नोंदलेला असेल तर पहिलं नाव राहतं, नंतरचं मिटतं. मी खिडकीतून खाली फाटकाकडे पाहिलं. फाटकाच्या तारेवर तीच वेल आहे. इथे तिची पानं तळहाताएवढी, मऊ, हिरवीगार. माळी दर दोन महिन्यांनी छाटतो आणि ती पुन्हा उंडारते. खाली उतरून गेले. पान उलटलं. नारिंगी भुकटी बोटाला लागली. एका जून पानावर काळे ठिपकेही होते, हवे तेवढे. दादाला बारा फूट खाली उतरायची गरज नव्हती. डोंगरावरच जायची गरज नव्हती. मी रोज सकाळी साडेदहाला ज्याच्या बाजूने आत शिरते, ते मिळवायला मी त्याला पाठवलं होतं. माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की पहारेकऱ्याने खुर्ची पुढे केली.

वर आले तेव्हा गोंदवाला पाकिटं कपाटात लावायला निघाला होता. "नववं राहू दे," मी म्हटलं. "का हो, काही लोचा आहे का?" "तारखेचा." "मग टाका की उरकून, बाई. पुढच्या आठवड्यात सगळ्या पाकिटांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवणार म्हणतात. आतल्या पुड्यांचेसुद्धा, दोन्ही बाजूंनी." दोन्ही बाजूंनी. तो गेल्यावर मी पुडी उघडली. चार पानं, तपकिरी, अजून अख्खी. कागद हातात घेऊन मी बेसिनपाशी गेले, नळ सोडला. अगदी सोपं होतं. कागद भिजला असता, लगदा झाला असता, आणि त्या सभ्य अक्षरवाल्याला मी कळवलं असतं की १४ ग्राह्य, आतली नोंद चुकीची असावी. दादाच चुकला असं. "झालं का गं तुझं?" आवाज या वेळी गल्लीतून आला नाही, अगदी कानाशी आला. आणि पहिल्यांदाच मला 'झालंच' म्हणता येईना. मला त्याची भीती वाटली. सव्वीस वर्षांत कधी वाटली नव्हती. मी नळ बंद केला. सहा महिन्यांपूर्वी हे पाकीट पाठवताना आतली पुडी काढून ठेवणं किती सोपं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. नाही काढली. कुणीतरी विचारावं असं मलाच वाटत असणार. नियम धाब्यावर बसवून मी ते पाकीट पर्समध्ये घातलं आणि दुपारीच घरी आले.

वहिनी खिडकीपाशी कुणाच्या तरी कोटाची बाही घेऊन बसली होती. "इतक्या लवकर? बरं नाही का वाटत?" "वहिनी, सुई ठेव जरा." तिने सुई कोटात टोचून ठेवली. मी पानं बशीत काढली आणि कागद तिच्या हातात दिला. "याची खरी तारीख कोणती, असं एकाने चिठ्ठी लिहून विचारलंय." तिने अक्षर ओळखलं. तिचा अंगठा आधी त्या अंकांवर फिरला, मग तिने वाचलं. चष्मा वर सारून पुन्हा वाचलं. "काळे ठिपके आहेत गं बाई," ती पुटपुटली. "हे तुम्हाला म्हणालेत." "हो. मी पाठवलं त्याला. त्या सकाळी. चहासुद्धा पिऊ दिला नाही. पानं काढून वर येताना पडला तो, वहिनी. तो काही… तुझ्या बोलण्याने नाही."  मी म्हटलं, "मागे बघ." तिने कागद उलटला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायची खटपट करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली तरी वहिनीची मान वर होईना. "उजवीकडची काडी," ती शेवटी म्हणाली. "दोरा गुंडाळून वापरत होते मी. त्यांना दिसलं होतं म्हणजे." मग म्हणाली, "तुम्हाला हे कधीपासून ठाऊक?" "त्याच संध्याकाळपासून." "म्हणजे मी भिंतीवर डोकं आपटत होते तेव्हा हे तुमच्याकडे होतं." "पर्समध्ये होतं." "आणि तुम्ही माझं डोकं धरलंत." "हो."

"का हो?" तिने विचारलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी वर्षानुवर्षं उत्तरं तयार केली होती. तुझी तब्येत, आईचं वय, लोकांची तोंडं. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "तू स्वतःला दोष देत होतीस तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं," मी म्हटलं. "आणि तू मला सोडून गेली असतीस तर मला कुणीच उरलं नसतं." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, फाटलेलं किती खोल गेलंय ते बघावं तशी. मग म्हणाली, "तो कोण विचारतोय ना तारीख, त्याला लिहा. माझ्यासमोर लिहा." मी पर्समधून कोरी चिठ्ठी काढली. वहिनी सांगत नव्हती, नुसती बघत होती. 'तारीख १५ ग्राह्य. १४ ही तारीख मी जाणूनबुजून घातली होती. पाने माझ्या सांगण्यावरून माझ्या भावाने काढली. ती घेऊन वर येताना तो पडला, त्यातच गेला. यजमान वनस्पतीबद्दलचे आपले मत बरोबर आहे. चूक माझी.' "सही," वहिनी म्हणाली. मी सही केली. तिने तो जुना कागद त्याच्या घड्यांवरून परत दुमडायला घेतला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तो संग्रहालयाचा आहे, वहिनी." निघून गेल्यावर जीभ चावली, पण काय उपयोग. तिने मान वर केली. "पानं तुमची," ती म्हणाली. "कागद माझा." आणि ब्लाउजमध्ये खोचून ती पुन्हा कोटाची बाही घेऊन बसली. मी नव्या कागदाची पुडी घातली. तीन घड्या, कडा मागे. त्या रात्री आम्ही जेवलो, भांडी घासली, दिवे मालवले. एकमेकींशी बोललो ते एवढंच, की पाणी जपून वापरायला हवं, उद्या येणार नाही.

सकाळी मी आवरलं, पाकीट पर्समध्ये ठेवलं, चपला घातल्या. "येते गं, वहिनी." दार उघडून मी उंबऱ्यात थांबले. सवयीने थांबले, या क्षणी आतून खुर्ची सरकते, अनवाणी पावलं येतात, आणि मी वैतागून घड्याळ बघते. खुर्ची सरकली नाही. रफूचा दोरा कापडातून ओढल्याचा बारीक आवाज येत होता, थांबत होता, येत होता. मला वाटलं, ऐकलं नसेल. मी पुन्हा म्हटलं, "येते." दोरा थांबला.

"जा," वहिनी आतून म्हणाली.

मी जिना उतरायला लागले. पहिल्या वळणावर कठडा धरून उभी राहिले. दादाही असाच उतरला असेल, हाच शब्द पाठीवर घेऊन, खांद्याला माझी पानं दाबायची फळी लटकवून. मग दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, मला शंका आली, बसचा पास घरी तर नाही ना राहिला, आणि मी तो चाचपायला लागले. पास होता. तळमजल्यापर्यंत येईतो मी साडेदहाच्या हजेरीची काळजी करत होते. त्यालाही वाटेत कधीतरी चष्म्याची काडी आठवली असेल, गॅसची नळी आठवली असेल. एवढ्या शब्दाने माणूस मरत नाही. हे मी तिला सव्वीस वर्षांपूर्वी सांगू शकले असते. रस्त्यावर येऊन मी वर पाहिलं. खिडकीत कोट दिसत होता, वहिनीचे हात दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. बस वळणावर आली होती. मी पळत जाऊन ती पकडली.